रस्त्यावर फोटो काढायला किती खर्च येतो?

दादरचा फुलबाजार, भुलेश्वरच्या गल्ल्या, मरीन ड्राइव्हचा कठडा. इथे हौसेने फोटो काढायला एक रुपयाही लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावरच्या छायाचित्रणाला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. चौकातला पुतळा किंवा एखादी देखणी इमारत टिपली, तर कॉपीराइटचाही भंग होत नाही. १९५७च्या कायद्यातच तशी सूट आहे.

खर्च जागेनुसार आणि हेतूनुसार सुरू होतो. घारापुरीच्या लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये. साधा कॅमेरा त्यातच आला, व्हिडिओ कॅमेऱ्याचे २५ रुपये वेगळे आणि लाँचचं भाडं निराळं. ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. जाहिरात किंवा मालिकेचं चित्रीकरण असेल, तर गोरेगावच्या चित्रनगरीची एक खिडकी योजना आहे. मॉलमध्ये मालकाचा नियम चालतो. नौदल गोदी आणि लष्करी हद्दीत मात्र कॅमेरा पिशवीतून काढूच नका. तिथे १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा लागू होतो.

माणसांच्या बाबतीत चूक फार महागात पडते. कुणाचेही खासगी अवयव संमतीशिवाय टिपले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जागा सार्वजनिक होती, ही सबब तिथे चालत नाही.

पोलिसाने हटकलं तर हुज्जत न घालता काय टिपलं ते दाखवा. पण फोटो पुसायला लावण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि कॅमेरा जप्त करायचा तर रीतसर यादी करावी लागते, हेही माहीत असू द्या.

कायद्यात बसतं म्हणून सगळं काढावं असं मला मुळीच वाटत नाही. कोळणीसमोर गिऱ्हाइकांची गर्दी असताना तिच्या तोंडावर लेन्स रोखू नका. गर्दी ओसरली की विचारा, ‘मावशी, एक फोटो काढू का?’ नाही म्हणाली तर विषय संपला. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नको. झोपलेल्या, आजारी, भीक मागणाऱ्या माणसाला नकार देण्याची संधीच नसते, म्हणून त्यांना वगळा. फोटोसाठी पैसे देण्यापेक्षा प्रिंट द्यावा. स्टुडिओत चार बाय सहाचा प्रिंट दहा-वीस रुपयांत होतो. महिन्याला दोनशे रुपये त्यासाठी बाजूला ठेवा, आणि ज्याचा फोटो त्याच्या हातात तो नेऊन द्या.