आधी नकाशा, मग निविदा

आपल्या शहरात स्केटपार्क व्हावा म्हणून अर्ज लिहायला बसलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. महापालिका ‘हो’ म्हणेल, त्या दिवसापासून तुमचं काम वाढतं. नकार मिळाला तर जागा रिकामी राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतं. वाईट बांधलेला स्केटपार्क मात्र जागा अडवतो, पैसा संपवतो आणि ‘बांधून दिला तरी कुणी वापरत नाही’ हे उत्तर कायमचं तयार करून ठेवतो. आमच्या शहरात हे घडलं आहे.

माझी मुलगी आणि तिचे मित्रमैत्रिणी बँकेच्या पायऱ्यांवर स्केटबोर्ड चालवायचे. त्यांच्यात बीएमएक्स सायकलवाली काही मुलंही होती. वॉचमन हाकलायचे, मग ही सगळी रस्त्यावर यायची, रिक्षा आणि टँकरच्या मधे. म्हणून आम्ही काही पालकांनी सह्या गोळा केल्या, नगरसेवकांना भेटलो, उद्यान विभागात फेऱ्या मारल्या. ‘आपल्याकडे स्केटिंग रिंक आहे की,’ हे पहिलं उत्तर. रिंक सपाट असते, गोल फिरण्यासाठी असते. या मुलांना चढ, उतार, कठडे आणि नळ्या लागतात, हे समजावण्यातच बरेच महिने गेले. 2021 साली टोकियोत स्केटबोर्डिंग आणि बीएमएक्स फ्रीस्टाइल हे दोन्ही खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले आणि आमचं बोलणं ऐकलं जाऊ लागलं. 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्णपदक जिंकलं, ती बातमी आम्ही अर्जाला जोडली. उद्यानातला एक कोपरा मंजूर झाला. नारळ फुटला, फित कापली. आणि थोड्याच आठवड्यांत मुलं पुन्हा बँकेच्या पायऱ्यांवर दिसू लागली.

नेमकं काय चुकलं होतं

पाहणाऱ्याला पार्क देखणा वाटायचा. चाकांवर उभं राहिलं की त्याचे दोष कळायचे.

समोरासमोर दोन रॅम्प होते, साधारण 1.2 मीटर उंचीचे. त्यांच्यामधली सपाट जागा जेमतेम 3 मीटर. 1.2 मीटरवरून खाली येणाऱ्या मुलाचा तळाशी वेग ताशी 17 किलोमीटरच्या आसपास होतो. या वेगाने 3 मीटर अंतर कापायला अर्ध्या सेकंदाहून किंचितच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पाय बोर्डवर नीट बसवायचे, गुडघे वाकवायचे आणि पुढच्या चढाला तयार व्हायचं, हे शिकणाऱ्याला शक्य नसतं. ही जागा 5 ते 6 मीटर असती तर एक पुरा सेकंद मिळाला असता. बीएमएक्सला तर त्याहून जास्त लागते, कारण सायकल लांब असते आणि वेगही अधिक.

रॅम्पला गोलाई नव्हती. सरळ उतार जमिनीला कोनात भिडत होता, आणि त्या कोनात चाक आदळलं की मूल पुढे फेकलं जायचं. गोलाई द्यायची तर तिचंही गणित आहे. उंची 1.2 मीटर आणि त्रिज्याही तेवढीच घेतली, तर वरची कड भिंतीसारखी उभी होते. नवख्यांना ती झेपत नाही. त्रिज्या 2 मीटर घेतली, तर वरच्या कडेशी उतार 66 अंशांच्या आसपास राहतो आणि मूल हळूहळू वर चढायला शिकतं.

मधल्या सपाट भागात पेव्हर ब्लॉक बसवले होते. स्केटबोर्डचं चाक 52 ते 54 मिलिमीटर व्यासाचं आणि टणक असतं. ब्लॉकमधली प्रत्येक फट त्याला जाणवते, आणि सांध्यात अडकलेला खडीचा एखादा कण बोर्ड जागच्या जागी थांबवतो. उतारावरच्या काँक्रीटला मुद्दाम खरखरीत फिनिश दिलं होतं, मुलं घसरू नयेत म्हणून. हेतू चांगला होता, पण पडल्यावर याच खरखरीत पृष्ठभागाने कोपर आणि गुडघे सोलून निघत होते. पाणी जावं म्हणून एका रॅम्पच्या नेमक्या पायथ्याशी लोखंडी जाळीचं गटार होतं.

रॅम्पच्या माथ्यावर बसवतात त्या नळीला कोपिंग म्हणतात. ती काँक्रीटपासून 5 ते 8 मिलिमीटर बाहेर डोकवावी लागते, म्हणजे बोर्डला आणि सायकलच्या पेगला, म्हणजे चाकाच्या आसाला लावलेल्या दांड्याला, तिची चाहूल लागते आणि अडथळाही होत नाही. आमच्याकडे एका बाजूला ती पूर्ण बुडालेली होती, दुसऱ्या बाजूला चांगली तीन बोटं बाहेर.

हे असं का होतं

यात कुणाची बदमाशी नव्हती, म्हणून तर हे प्रत्येक शहरात घडू शकतं. महापालिकेचं अंदाजपत्रक दरसूचीतल्या बाबींवरून तयार होतं. दरसूचीत काँक्रीट घनमीटरवर असतं, पेव्हर ब्लॉक चौरस मीटरवर, रेलिंग मीटरवर. ‘2 मीटर त्रिज्येची, हाताने गुळगुळीत केलेली गोलाई’ अशी बाब तिथे नसते. मग इंजिनिअरसाहेब माहितीतल्या बाबी जुळवतात, सोबत एखादा फोटो लावतात आणि निविदा निघते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. आमचा ठेकेदार पदपथ आणि संरक्षक भिंती बांधणारा होता. त्याच्या मेस्त्रीचा हात स्वच्छ होता; ओळंब्यात केलेलं त्याचं काम आजही बघत राहावं असं आहे. गोलाई कशी हवी, हे मात्र कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकदा कार्यादेश निघाला की बदल सुचवणाऱ्याला ‘आता निविदेत नाही’ एवढं एकच उत्तर मिळतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही असतं.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं: मागणीच्या अर्जाला मोजमापांसकट नकाशा जोडा. जागा, पैसा, सह्या हे सगळं त्यानंतर. नकाशा निविदेच्या आधी फाइलमध्ये गेला, तर तो कामाचा भाग होतो. नंतर गेला, तर ती फक्त सूचना उरते.

नकाशात काय असावं

नकाशा काढायला या कामातलं माणूस हवं. बंगळुरूच्या होलीस्टोक्ड कलेक्टिव्हसारखे, स्वतः स्केटबोर्ड चालवणारे आणि पार्क बांधणारे गट देशात आहेत. त्यांच्याशी आधी बोला. त्याआधी तुमच्या मुलांना रिकाम्या मैदानात खडूने आणि फक्कीने पार्क खऱ्या मापात आखायला सांगा. कुठून वेग घेणार, कुठे वळणार, दोघं समोरासमोर आली तर कोण कुठे जाणार, हे जमिनीवर चालून बघितल्याशिवाय कळत नाही. नवख्यांचा भाग आणि सरावलेल्यांचा भाग वेगळे ठेवा. लहान मूल शिकत असताना मागून बीएमएक्स येता कामा नये.

नकाशावर या गोष्टी आकड्यांत असाव्यात: प्रत्येक गोलाईची उंची आणि त्रिज्या, मधल्या सपाट जागेची लांबी, माथ्यावर उभं राहायला किमान दीड मीटर खोलीचा ओटा, पाणी वाहून जाण्यापुरता एक ते दोन टक्के ढाळ आणि गटाराची जागा, जी चाकांच्या वाटेवर कधीही नको. कोपिंगसाठी बाजारातली दोन इंची जीआय पाइप चालते. तिचा बाहेरचा व्यास 60 मिलिमीटरच्या आसपास असतो. जाड भिंतीची ‘सी क्लास’ पाइप असं स्पष्ट लिहा. बसायच्या उंचीच्या कठड्यांना ग्रॅनाइट किंवा लोखंडी अँगलची कड द्या. नुसत्या काँक्रीटची कड बीएमएक्सच्या पेगखाली लवकर झडते.

आणि जमीन तपासा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती असते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या काँक्रीटला तडे पाडते. ती पुरेशी खोल काढून मुरूम भरणं, थर देऊन दाबणं, मग सोलिंग, हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. पैसे कमी पडू लागले की हीच बाब आधी कापली जाते. तेव्हा एखादा रॅम्प कमी करा, पण पाया कापू देऊ नका.

पैसा खरंच थोडा असेल, तर पंप ट्रॅकचा विचार करा. लहान लहान उंचवटे आणि वळणांची ती बंद वाट असते. शरीर वरखाली करूनच वेग मिळतो. लहान मुलं, सायकली, स्केटबोर्ड, सगळ्यांना ती चालते. मात्र चाकं लहान असतील तर वर डांबर किंवा काँक्रीट हवंच.

निविदेत आणि साइटवर

निविदेच्या अटींत तीन गोष्टी मागा. ठेकेदाराला किंवा त्याच्या सहठेकेदाराला स्केटपार्कच्या कामाचा अनुभव असावा. पूर्ण काम सुरू करण्याआधी एका गोलाईचा छोटा नमुना बांधून मंजूर करून घ्यावा. आणि दोषदायित्व कालावधीत तडे, उखडलेली कड, निसटलेली कोपिंग कोण दुरुस्त करणार, हे लिहिलेलं असावं.

सपाट भागाला आपले ठेकेदार ट्रिमिक्स, म्हणजे यंत्राने जादा पाणी शोषून घोटलेलं काँक्रीट, उत्तम करतात, पण ते यंत्र गोलाईवर चालत नाही. तिथे घट्ट काँक्रीट हाताने थापावं लागतं किंवा गनायटिंग करावं लागतं, म्हणजे दाबाने त्याचा फवारा मारावा लागतो. लाकडी किंवा लोखंडी फर्मा कडेला लावून त्याच्या आधाराने गोलाई कापावी लागते आणि मग थापीने गुळगुळीत करावी लागते. काँक्रीट आवळायच्या आत हे सगळं उरकायचं असतं. म्हणून ओतकामाच्या दिवशी स्केटबोर्ड चालवणारं कुणीतरी साइटवर हजर असलं पाहिजे. शनिवार-रविवारी पाहायला गेलात, तर सोमवारी ओतलेलं काँक्रीट तुमची वाट बघत थांबत नाही. नंतर पुरेसे दिवस पाणी मारलं जातंय ना, हेही बघा. भर उन्हाळ्यात घाईने उरकलेलं काम वरून भुसभुशीत होतं, आणि ती धूळ चाकांखाली येते.

आमच्याकडे दुसऱ्या टप्प्यात अर्ध्या पार्कमध्ये हे सगळं केलं. एक रॅम्प फोडून नव्याने बांधला, पेव्हर ब्लॉक काढून सलग काँक्रीट केलं, गटार कडेला नेलं. त्या अर्ध्या भागात आज संध्याकाळी जागा मिळत नाही. उरलेला अर्धा तसाच आहे. तेच ठिकाण, तीच मुलं. फरक पडला तो मोजमापांनी.

जागा आणि माणसं

जागा रस्त्यावरून दिसणारी घ्या. आडोशाच्या, अंधाऱ्या जागेत पालक मुलींना पाठवत नाहीत, आणि ते रास्तच आहे. जवळ पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे हवेत. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने उघडा पार्क अनेकदा बंदच राहतो, म्हणून उड्डाणपुलाखालच्या जागेचा जरूर विचार करा. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये पाऊस खूप. तिथल्या बर्नसाइड पुलाखाली 1990 साली स्केटबोर्ड चालवणाऱ्यांनी परवानगीशिवाय बांधायला सुरुवात केली आणि पुढे शहराने तो पार्क मान्य केला. परवानगीशिवाय बांधा असं मी म्हणणार नाही. पुलाखालची जागा या खेळाला किती सोयीची, एवढंच त्यातून घ्या. मुंबईत माटुंग्याला नागरिकांनी पाठपुरावा केला आणि 2016 साली उड्डाणपुलाखाली उद्यान झालं. आपल्या अधिकाऱ्यांना दाखवायला हे जवळचं उदाहरण आहे.

मोहीम फक्त मुलांची ठेवू नका. फिलाडेल्फियातल्या लव्ह पार्कमध्ये स्केटबोर्डवर बंदी आली, तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन 2002 साली, वयाच्या 92 व्या वर्षी, निषेध म्हणून स्वतः तिथे स्केटबोर्डवर उभे राहिले. लंडनच्या साउथबँकमधल्या तळघरवजा जागेत 1970 च्या दशकापासून मुलं स्केटबोर्ड चालवतात. 2013 साली तिथे दुकानं करायचं ठरलं, तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी विरोध नोंदवला, आणि 2014 साली जागा वाचली. त्या लाखांतल्या बहुतेकांनी कधी बोर्डवर पाय ठेवला नसेल. तुमच्या अर्जावरही ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेचे क्रीडाशिक्षक आणि शेजारच्या सोसायट्यांच्या सह्या हव्यात. सोसायट्यांना आवाजाची भीती असते. त्यांना वेळेचं बंधन आधीच लेखी द्या, त्यांच्या शंका टाळू नका.

मुलींची सोय सुरुवातीलाच ठरवा. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी खेड्यातल्या मुलांसाठी स्केटपार्क आहे. तिथे मुलींना आधी संधी आणि शाळा बुडवणाऱ्याला बोर्ड नाही, असे दोनच साधे नियम. नियम पहिल्या दिवसापासून असले की ते रुजतात. नंतर लावायला गेलं की भांडणं होतात.

शेवटी वेळेचं. महापालिकेचं अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला मांडलं जातं, पण त्यातल्या कामांची जुळवाजुळव पावसाळा सरता सरताच सुरू होते. पुणे महापालिका तर 2006 पासून पुढच्या वर्षाच्या कामांसाठी नागरिकांकडून सूचना मागवते. म्हणजे नकाशा गणपतीच्या सुमारास तयार हवा. या रविवारी मुलांना घेऊन मैदानात जा, टेप आणि फक्की सोबत न्या, पार्क खऱ्या मापात आखा आणि प्रत्येक आकडा वहीत उतरवा. अर्ज सोमवारी लिहा.