मध्यम ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या : जोडाव्यात की नाही?



गळीत हंगाम जवळ आला की वाहतुकीचे करार सुरू होतात आणि दरवर्षी एकच प्रश्न आमच्यापुढे येतो. "आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे. दोन ट्रॉल्या ओढंल का?" अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. "दारात पिकअप उभी आहे. तिच्यामागं एखादी ट्रॉली लावली तर?" प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून या पाठात आपण थोडा हिशेब मांडणार आहोत. आकडे सोपे आहेत. पाटी-पेन्सिल घेऊन बसले तर घरातले शाळकरी पोरसुद्धा ते करील.

हा विषय फक्त वाहतूकदाराचा आहे असे कोणी समजू नये. उसाचा एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा दर असतो. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. म्हणजे ट्रॉली कशी भरली, किती खेपा झाल्या आणि वाटेत किती वेळ गेला, याचा भार शेवटी उसाच्या बिलावर येतो. आणि पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या ट्रॉलीपुढे, मागे आणि कधी कधी ट्रॉलीवरही माणसे असतात.

ओढतो म्हणजे काय?

समजा, ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन २ टन आहे. ४५ एचपीच्या वर्गात साधारण एवढेच असते. रिकामी ट्रॉली २ टन आणि तिच्यात ऊस ८ टन, म्हणजे एक भरलेली ट्रॉली १० टन. एक ट्रॉली जोडली तर सगळे मिळून १२ टन होतात, दोन जोडल्या तर २२ टन.

चांगल्या डांबरी, सपाट रस्त्यावर एक टन वजन चालते ठेवायला सुमारे २० किलोची ओढ लागते. म्हणजे एका ट्रॉलीला २४० किलो आणि दोन ट्रॉल्यांना ४४० किलो. इंजिनाच्या ४५ पैकी ३६ अश्वशक्ती चाकांपर्यंत पोचते असे धरले, तर ४४० किलोची ओढ घेऊन ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरच्या वर सहज जातो. गडी म्हणतो, "ओढतोय की मस्त!" त्याचे म्हणणे खोटे नाही. सपाटीवर तो खरेच ओढतो. फसगत होते ती इथेच.

आता चढ घ्या. २० फुटांत १ फूट चढणारा रस्ता धरू. अशा चढावर टनामागे आणखी ५० किलोची ओढ लागते. एका ट्रॉलीला २४० अधिक ६००, म्हणजे ८४० किलो. दोन ट्रॉल्यांना ४४० अधिक ११००, म्हणजे १५४० किलो. इंजिन एवढेही ओढील. फक्त वेग ताशी ६ किलोमीटरवर येईल. तेव्हा इंजिनाची ताकद ही खरी अडचण नव्हे. अडचण आहे चाकांच्या पकडीची.

पकड कोठून येते?

२ टनांच्या ट्रॅक्टरचे सुमारे १२०० किलो वजन मागच्या चाकांवर असते आणि ८०० किलो पुढच्या चाकांवर. ओढ वाढली की पुढचे काही वजन मागे सरकते. एका ट्रॉलीला मागच्या चाकांवर १४०० किलोच्या आसपास वजन येते, दोन ट्रॉल्यांना १५५० किलोच्या आसपास. कोरड्या डांबरावर चाकाची पकड त्यावरच्या वजनाच्या सुमारे ७/१० धरतात. म्हणजे एका ट्रॉलीला पकड ९८० किलो मिळते आणि गरज आहे ८४० किलोची. जमते, पण काठावर. दोन ट्रॉल्यांना पकड मिळते १०८५ किलो आणि गरज १५४० किलोची. जमत नाही. चाके जागेवर फिरतात, टायर घासतो, डिझेल जळते आणि मागची २० टनांची ओझी ट्रॅक्टरला मागे खेचू लागतात.

रस्ता ओला असेल, त्यावर चिखल किंवा पाचट पडले असेल, तर पकड ४/१० वर उतरते. मग या चढावर एका ट्रॉलीलाही ५६० किलोच पकड मिळते. म्हणजे अवकाळी पाऊस झाला की एक ट्रॉलीसुद्धा घसरणार.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांची. दोन ट्रॉल्यांच्या ओढीत त्यांच्यावर जेमतेम ४५० किलो उरतात. एखादा खड्डा किंवा क्लचचा झटका बसला की ट्रॅक्टर पुढून उचलतो. काही चालक याचे कौतुक करतात. पण चाक जमिनीला टेकलेले नसेल तर स्टिअरिंग फिरवून काय होणार? ट्रॉली ट्रॅक्टरला दिलेल्या हुकालाच जोडावी, त्याहून वर कोठेही जोडू नये. ओढ जेवढी उंचावरून, तेवढा ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त.

कोणी म्हणेल, मोठा ट्रॅक्टर घेतला की प्रश्न मिटला. ५५-६० एचपीचा ट्रॅक्टर वजने लावून ३ टनांवर नेला, तरी दोन ट्रॉल्यांसह हाच चढ तो काठावरच पार करतो. फरक एचपीच्या आकड्यापेक्षा वजनाचा आणि चाकांचा आहे, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

उतार : खरी परीक्षा

चढावर ट्रॅक्टर अडतो. उतारावर तो अडत नाही, आणि धोका त्यातच आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर सगळा भार त्या दोन चाकांवर. शिवाय उतारावर मागचे ओझे ढकलते, तेव्हा मागच्या चाकांवरचे वजन कमी होते. म्हणून ब्रेकचा जोर ७०० किलोच्या पुढे धरू नये.

त्याच २० ला १ उतारावर एका ट्रॉलीचा ढकलण्याचा जोर ६०० किलो. त्यातून चाकांचा स्वाभाविक अडथळा २४० किलो वजा केला तर ३६० उरतात. ब्रेकच्या ७०० मधून ते गेले की थांबवायला ३४० किलो हाती राहतात. ताशी २० किलोमीटर वेग असेल तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे ५५ मीटर जातात. पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी साडेपाच मीटर.

दोन ट्रॉल्यांचे काय? ढकलण्याचा जोर ११०० किलो, त्यातून ४४० वजा, बाकी ६६०. ब्रेकच्या ७०० मधून हातात राहिले फक्त ४० किलो. ४० किलोंनी २२ टन थांबत नाहीत. वेग वाढू दिला नाही एवढेच काय ते समाधान. रस्ता ओला असेल तर तेही नाही. मग ट्रॉली बाजूला वळते, ट्रॅक्टरला आडवे करते आणि पुढे जे सापडेल त्याला घेऊन खाली जाते.

आपल्या तालुक्याचे रस्ते

आता हा हिशेब आपल्या वाटेवर ठेवून पाहा. मुळशी तालुका म्हणजे सोलापूरकडचे सपाट माळरान नव्हे. मुळेच्या काठचा ऊस असो की रिहे खोऱ्यातला, कासारसाईकडे यायचे तर कोठे ना कोठे चढ-उतार लागतोच. पिरंगुटचा घाट सर्वांच्या पायाखालचा आहे. हिंजवडी, माण, मारुंजीच्या बाजूला तर आयटी कंपन्यांची वाहतूक. संध्याकाळी मोटारसायकली ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी निघतात. अशा गर्दीत ५५ मीटर मोकळा रस्ता कोण ठेवणार?

चढ मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याची पाण्याची नळी आणि २० फूट दोरी घ्यावी. २० फुटांत पाणी १ फुटाचा फरक दाखवत असेल तर चढ २० ला १. ३५ फुटांत १ फूट एवढाच चढ असेल, तर कोरड्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरने कशाबशा चढतात. त्याहून उभा चढ असेल तर दोन जोडू नयेत.

फडातली गोष्ट आणखी वेगळी. मऊ, ओल्या रानात टनामागे १०० किलो किंवा त्याहून जास्त ओढ लागते. भरलेली एकच ट्रॉली असली तरी १२०० किलो झाले. म्हणून फडात ट्रॉली अर्धीच भरून बाहेर काढावी आणि वरची भर बांधावर कडक जागेत घालावी.

पिकअपमागे ट्रॉली?

पिकअपचे इंजिन दिसायला दमदार, वेगही भरपूर. पण ती पाठीवर माल वाहण्यासाठी केलेली गाडी आहे. पाठीवर साधारण दीड टनाच्या आसपास माल नेणाऱ्या गाडीमागे १० टनांची ऊस ट्रॉली लावणे म्हणजे घोडीला मोटेला जुंपण्यासारखे. क्लच जळेल, गिअर तुटेल, आणि ब्रेकचे गणित वर सांगितल्यापेक्षाही वाईट होईल, कारण वेग दुप्पट असेल. बेणे, खत, चारा यासाठी लहान दोन चाकी ट्रेलर लावायचा असेल, तर गाडीच्या पुस्तकात ओढण्याचे वजन किती दिले आहे ते आधी पाहावे. दिलेले नसेल तर लावू नये. लावलाच तर ट्रेलरचे पासिंग स्वतंत्र करून घ्यावे.

बिऱ्हाडाची ट्रॉली

हंगामाच्या सुरुवातीला बीड, अहिल्यानगरकडून तोडणी कामगार येतात. एका ट्रॉलीत भांडीकुंडी, कोप्यांचे सामान, आणि त्यावर बायका-पोरे, म्हातारी माणसे. शंभर-दोनशे किलोमीटरचा प्रवास, तोही बहुधा रात्रीचा. हे ओझे उसाएवढे जड नसते, म्हणून चालक वेग धरतो. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माल वाहायच्या ट्रॉलीत माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही. आमची सभासदांना आणि मुकादमांना विनंती आहे, की सामान ट्रॉलीत येऊ द्या, माणसे एसटीने किंवा प्रवासी गाडीने आणा. तो खर्च उचल ठरवतानाच धरा. जे हात आपला ऊस तोडणार, ते धडधाकट पोचले पाहिजेत.

मग करावे काय?

दोन ट्रॉल्यांमुळे खेप वाचते, गाडीतळावरचे थांबणे कमी होते, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणून सरसकट मनाई न सांगता पुढील नियम सुचवतो.

१. वाट सपाट असेल, ट्रॅक्टर वजनदार असेल आणि दोन्ही ट्रॉल्यांना चालू ब्रेक असतील, तरच दोन जोडाव्यात.

२. वाटेत एकच खिंड असेल तर टप्पा करावा. दुसरी ट्रॉली पायथ्याला रस्त्याबाहेर, चाकांना दगड लावून उभी करावी. पहिली पलीकडे सोडून दुसरी आणावी. उतारालाही हाच नियम. अर्धा-पाऊण तास जाईल, पण ट्रॉली जाणार नाही.

३. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकावा. उतारात न्यूट्रल कधीही करू नये. डिझेल वाचते ते चार पैशांचे.

४. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना अडकवून घ्यावेत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

५. हुकाची पिन झिजलेली नसावी, तिला खीळ असावी, शिवाय साखळी असावी. मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा हवाच. उसाची वाढी लोंबून ते झाकले जाऊ नयेत.

६. ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरच्या विम्यात आपोआप आला असे समजू नये. प्रत्येक ट्रॉलीचा नंबर पॉलिसीवर लिहून घ्यावा.

७. पासिंगपेक्षा जादा भरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड लिहिला आहे. एका खेपेत वाचवलेले एका नाक्यावर जाते.

शेवटी एकच सांगणे. ट्रॅक्टर घेताना किंवा करार करताना "किती ओढतो?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. यंदापासून त्याच्या आधी "किती अंतरात थांबतो?" हे विचारायची सवय लावू या. ऊस एक दिवस उशिरा काट्यावर आला तर थोडे वजन घटेल, ते सोसता येते. चालक घरी आला नाही तर त्या घराला ते सोसत नाही.