महाधमनी आणि फवारणीचा पंप

सिल्लोड तालुक्यात कपाशीवर वा मिरचीवर पाठीवरील पंपाने औषध फवारणारा शेतकरी दांडा वरखाली करीत असतो. रेटा तुटक असतो, फवारा मात्र अखंड राहतो. पंपाच्या दाबकक्षात कोंडलेली हवा प्रत्येक रेट्यासरशी दाबली जाते व दांडा परतताना प्रसरण पावून द्रावण पुढे ढकलते. रक्ताभिसरणाचा पाठ शिकविण्यास याहून सोपे साधन शोधण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली रक्तवाहिन्यांची तुलना आगीच्या बंबातील अशाच हवेच्या भांड्याशी केली होती.

हृदयाच्या डाव्या निलयातून निघणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर रक्त तीत येते. पहिला वाटा हृदयाच्याच स्नायूंना मिळतो. पुढे काठीच्या मुठीप्रमाणे वळून ती डोके व हातांकडे शाखा देते, मग कण्यालगत उतरून यकृत, आतडी व मूत्रपिंडांना रक्त पुरविते आणि बेंबीच्या सुमारास पायांसाठी दुभंगते.

मात्र महाधमनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिची भिंत लवचिक असते. हृदय आकुंचन पावताच ती फुगून रक्ताचा काही भाग सामावून घेते आणि हृदय विसावताच पूर्ववत होऊन तो पुढे लोटते. मनगटाशी लागणारी नाडी ही त्या दाबाची लाट असते. रक्त तिच्यामागून बरेच सावकाश येते.

वयोमानाने ही लवचिकता घटतेच. उच्च रक्तदाब व तंबाखू ती लवकर घटवितात. मग हृदयावरील भार वाढतो. काहींच्या महाधमनीस फुगवटा येतो, क्वचित आतला थर फाटतो, आणि तोवर बहुधा कसलीच तक्रार नसते. छातीत वा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी तीव्र कळ आली, की ती वाताची समजून चोळत बसण्याची आपल्याकडील सवय घातक आहे. छत्रपती संभाजीनगर सिल्लोडहून सुमारे ६५ किलोमीटर दूर आहे. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

तिशीनंतर रक्तदाबाची तपासणी उपकेंद्रात विनामूल्य होते. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक आढळल्यास उपचार हवेत, आणि बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ग्रामसभेच्या दिवशी आरोग्यसेविकेस रक्तदाबमापकासह पाचारण करणे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे. एरवी दवाखान्याकडे न फिरकणारी पुरुषमंडळी त्या दिवशी तेथे सापडतात.