बाळाचे पहिले खेळणे

शेजारच्या घरी बारसे आहे आणि बाळासाठी खेळणे निवडण्याचे काम तुमच्यावर आले आहे, असे समजा. दुकानात गेलात की दिवे लुकलुकणारी, कळ दाबताच गाणारी खेळणी पुढे केली जातील. ती घेण्यापूर्वी बाळाला काय दिसते आणि काय करता येते, याचा विचार करा.

नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचेच बरे दिसते. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा जवळपास इतकाच दूर असतो! पहिले दोन महिने चेहऱ्याहून सरस खेळणे नाही. ठळक रंगांच्या कापडी चिमण्या पाळण्यावर टांगायच्या तर हाताला लागणार नाहीत अशा टांगाव्यात. बाळ हात उंचावू लागले की काढून टाकाव्यात. दोरी गळ्याभोवती अडकू शकते.

तीन-चार महिन्यांनी बाळ वस्तू आपणहून पकडू लागते. आता खुळखुळ्याची पाळी. हळू हलवला की हळू वाजतो, जोराने हलवला की जोराने. म्हणजे आपल्या कृतीचा परिणाम बाळाला तत्काळ कळतो. कळीच्या खेळण्यात हा संबंध नसतो. कळ कशीही दाबा, गाणे तेच.

हाती आलेली वस्तू लगेच तोंडात जाते. ओठ आणि जीभ यांना स्पर्शज्ञान फार तीक्ष्ण असल्याने ही बाळाची वस्तू तपासण्याची रीतच होय. धोकाही येथेच आहे. नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा व तर्जनीची चिमूट जमते आणि जमिनीवरचा चिंचोकाही बाळ उचलते. तो श्वासनलिकेत अडकला तर जीवावर बेतते.

यासाठी खेळण्यांच्या मानकांत एक नळकांडे ठरवून दिलेले आहे. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. ते तुम्हाला घरी करता येईल. जाड कागदाची १० सेंटिमीटर लांब व ५.७ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. लांबीची दोन टोके एकावर एक न चढवता चिकटपट्टीने जोडा. परीघ १० सेंटिमीटर, म्हणून व्यास किती? ३.१४ ने भागून पाहा. न दाबता जी वस्तू कोणत्याही बाजूने या नळकांड्यात पूर्ण मावते, ती बाळाजवळ नको. खेळण्याचे डोळे, चाके, घुंगरू ओढूनही पाहा. निघणारा तुकडा ही वस्तूच समजा. बटणासारखी बॅटरी तर सर्वांत वाईट. ती अन्ननलिकेत अडकल्यास विद्युतप्रवाहामुळे तेथे तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजते.

लाकडी खुळखुळा उत्तम. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड कातून खेळणी करतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणीही प्रसिद्ध आहेत, पण त्यांतली सुबक लहान फळे मोठ्या मुलांसाठी ठेवावीत.

मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नका. गुंज नैसर्गिकच, पण तिचे बी फुटल्यास अत्यंत विषारी. शेंदरातही शिसे असू शकते. खेळणे रंगवलेले असेल तर रंग कोणता, हे विक्रेत्याला विचारा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. तेव्हा हातच्या खेळण्यांची तपासणी तुम्हालाच करावी लागेल. कडा गुळगुळीत आहेत ना, कुसळ निघत नाही ना, ओल्या फडक्याला रंग लागत नाही ना, हे पाहा.

आठव्या महिन्यानंतर काही विकत आणले नाही तरी चालते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवर केलेली निरीक्षणे प्रसिद्ध आहेत. त्यांतले एक घरातल्या मोठ्यांसमोर करून पाहा. बाळाच्या देखत वाटी रुमालाखाली झाका. पाच महिन्यांचे बाळ बहुधा दुसरीकडे पाहू लागेल. नऊ-दहा महिन्यांचे बाळ रुमाल ओढून वाटी शोधून काढील, आणि ती पुन्हा झाकण्यासाठी तुमच्याकडे पाहत बसेल.