रीलस्टार व्हायचंय? आधी सांगायला काय आहे ते बोला

निकाल लागले की रेणापूर, पानगाव, खरोळा या भागातून लातूरला येणाऱ्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला प्रश्न जुनाच: "नीट रिपीट करू द्यावं का?" त्याच्या मागोमाग अलीकडं दुसरा येतो, आवाज जरा खाली आणून. "सर, लेकरू म्हणतंय यूट्यूबवर करिअर करतो. नवा फोन मागतंय, हप्त्यावर. काय करावं?" शेजारी बसलेल्या मुलाकडं उदाहरणादाखल नावं तयार असतात. अमुक बघा सर, बारावीसुद्धा नाही, आज गाडी घेतली.

नीटचं उत्तर थोडक्यात देतो. मागच्या वेळचे गुण कटऑफच्या जवळ असतील आणि पुन्हा बसायची इच्छा मुलाची स्वतःची असेल, तर आणखी एक वर्ष द्या. शेजाऱ्याच्या मुलीला प्रवेश मिळाला म्हणून लातूरला कोचिंगसाठी उद्योग भवनाजवळ पुन्हा खोली आणि मेस लावू नका. कृषी आणि फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी आहे, नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. या तारखा नीटच्या नादात निघून जातात, त्या आधी वहीत लिहा. यापुढचं सगळं दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

सतराव्या वर्षी "रीलस्टार" हे करिअर म्हणून निवडायला माझा स्पष्ट विरोध आहे. व्हिडिओ करायला शिकण्याला मात्र मनापासून पाठिंबा आहे. या दोन गोष्टी घराघरांत एकत्र झाल्यात. म्हणून एका घरात फोन फोडला जातो, तर दुसऱ्या घरात सोयाबीनच्या पट्टीतून महागडा फोन येतो. मुलाकडं सांगायला काय आहे, हे दोन्हीकडं कुणी विचारत नाही.

मुलं ज्यांची नावं घेतात त्यांच्याकडंच नीट बघू. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. त्यांचं "आपली आजी" हे चॅनल नातवानं 2020 च्या सुमारास सुरू केलं आणि कारल्याच्या भाजीच्या व्हिडिओनं ते घरोघरी पोचलं. त्या भाजीमागं कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा, आयुष्यभराचा स्वयंपाक होता. नातवाकडं तंत्र होतं, आजीकडं हात होता. आमच्याकडची मुलं यातून काय उचलतात? गॅसवर करायची सवय झालेल्या स्वतःच्या आजीला पुन्हा चुलीच्या धुरात बसवतात, डोक्यावरचा पदर नीट करायला लावतात आणि तिनं कधी न वापरलेली वाक्यं तिच्या तोंडी घालतात. बघणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं. आजीचे डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत असताना इंग्रजीतून पाककृती दाखवायला सुरुवात केली. मराठी चॅनल नंतर आलं आणि मूळ चॅनलपेक्षा मोठं झालं. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे शिस्त. वाटीचं माप, आच मोठी की बारीक, किती मिनिटं, कुठं बिघडू शकतं, हे सगळं पहिल्यांदाच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्याला समजेल अशा क्रमानं सांगतात. मोटार रिवाइंडिंग शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलालाही हा क्रम जसाच्या तसा वापरता येईल. सांगलीकडचे संतोष जाधव शेतीबद्दल बोलतात कारण त्यांना शेती ठाऊक आहे. प्रसाद गावडे इंजिनिअरिंग शिकले, पण "कोकणी रानमाणूस" म्हणून ते सिंधुदुर्गातल्या रानाबद्दल बोलतात, कारण ते रान त्यांनी पायाखाली घातलंय. विनायक माळी आगरी बोलीत विनोद करतात कारण ती त्यांच्या माणसांची बोली आहे. त्यांचं बघून रेणापूरचा मुलगा आगरी शब्द पाठ करतो किंवा कॅमेरा सुरू झाला की पुण्याची मराठी बोलू लागतो. घरात "काय करायलास" म्हणणारं लेकरू पडद्यावर कुणी परकंच दिसतं.

सगळ्यात जास्त नक्कल होते ती सूरज चव्हाणची. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा हा मुलगा. लहानपणीच आई-वडील गेले, टिकटॉकवर लोकांनी उचलून धरला, 2024 मध्ये बिग बॉस मराठी जिंकला. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याची बोलण्याची ढब त्याच्या जगण्यातून आली आहे. ज्याच्या घरात दोन वेळचं जेवण आणि शिकवणीची फी दोन्ही आहे, अशा मुलानं ती ढब आणली की ती कुणालाच खरी वाटत नाही. आणि त्याच गोष्टीतला दुसरा धडा मुलं सांगत नाहीत. 29 जून 2020 रोजी सरकारनं टिकटॉकसह 59 अ‍ॅप बंद केली. लाखो फॉलोअर असलेल्यांचं खातं एका रात्रीत निरुपयोगी झालं. त्यातले मोजकेच पुन्हा उभे राहिले. बाकीच्यांची नावं आज तुमच्या मुलालाही आठवत नाहीत.

मग शिकायचं कसं? मुलांना मी एक काम देतो. आवडत्या निर्मात्याचा एकच व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि वहीत लिहा: पहिल्या दहा सेकंदांत काय दाखवलं, कॅमेरा कधी जवळ गेला, मूळ वस्तू कितव्या मिनिटाला आली. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. कुठं थांबतात, कुठं पुन्हा सांगतात, कोणता प्रश्न स्वतःच विचारून त्याचं उत्तर देतात. तिसऱ्यांदा खालच्या प्रतिक्रिया वाचा, लोकांना काय समजलं नाही ते शोधा. मग हीच मांडणी तुम्हाला माहीत असलेल्या विषयाला लावा आणि तुमच्या नेहमीच्या भाषेत बोला. व्हिडिओ कुठंही टाकण्याआधी चुलत्याला किंवा शेजारच्या काकूंना दाखवा. त्यांनी मध्येच फोन खाली ठेवला तर व्हिडिओ अजून झालेला नाही. दुसऱ्याची मांडणी शिकण्यात काहीच गैर नाही, सगळे कारागीर तसेच शिकतात. दुसऱ्याचं वाक्य, चेहरा आणि आवाज उचलू नका.

हा नुसता नीतीचा मुद्दा नाही, पैशाचाही आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर लागतात. शिवाय बारा महिन्यांत 4,000 तास बघितलं जाणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. प्रत्येक माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो असं धरलं, तर 4,000 तासांसाठी 60,000 व्ह्यूज हवेत. हिशेब मुलाकडून कागदावर करून घ्या. ही पायरी ओलांडल्यावर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीचे 55 टक्के निर्मात्याला मिळतात, शॉर्ट्सच्या वाटणीतले 45 टक्के. खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत बँकेत काही येत नाही. आणि दुसऱ्यांचे तुकडे जोडून, यंत्राचा आवाज टाकून, एकाच साच्यातून काढलेल्या व्हिडिओंना पैसे मिळत नाहीत. जुलै 2025 मध्ये यूट्यूबनं हा नियम अधिक स्पष्ट शब्दांत मांडला. एवढं झाल्यावरही महिन्याला ठरावीक रक्कम येईल, याची हमी कुणी देत नाही. घर त्यावर चालवायचं स्वप्न बारावीच्या मुलाच्या डोक्यात घालू नका.

आता माझा आग्रहाचा विषय. आपल्या भागात माहिती देणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी गरज शेतीत आहे, आणि या वाटेकडं कुणी बघत नाही. 2022 च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी लातूर जिल्ह्यातलं कोवळं सोयाबीन फस्त केलं, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. पुढच्याच वर्षी पिवळ्या मोझॅकनं शेतं पिवळी पडली. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुठून कुठून फिरत आलेले व्हिडिओ होते. दुसऱ्या राज्याचे, दुसऱ्या पिकाचे, औषध विकणाऱ्यांचे. आपल्या काळ्या रानात उभं राहून, आपल्या बोलीत, खात्रीची माहिती सांगणारे किती होते?

एक उदाहरण घ्या. मे महिन्यात घरचं सोयाबीन बियाणं तपासायचं असतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओलावा टिकवायचा आणि आठवडाभरात कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं. त्याहून कमी असतील तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर बदलायचं. यात चार मिनिटांचा व्हिडिओ आहे, शेतकऱ्याचे हजारो रुपये वाचवणारा. पेरणीला पाऊस किती मिलिमीटर व्हायला हवा, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्रानं सरी कशी पडते, गोगलगाय पहाटे कशी वेचायची, हे सगळं असंच. हे करणाऱ्या मुलीला कुणाची नक्कल करायची गरजच पडणार नाही, कारण रान तिचं आहे आणि समोरचा ऐकणारा तिचा मामा आहे.

त्यासाठी आधी शिक्षण हवं. दहावीनंतर कृषी पदविका आहे. बारावी विज्ञाननंतर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाखालचं लातूरचं कृषी महाविद्यालय आहे. पदवीसोबत कॅमेरा आणि संपादन शिका. बियाणं कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, विस्ताराचं काम करणाऱ्या संस्था, या सगळ्यांना शेती कळणारा आणि ती दाखवता येणारा माणूस लागतो. चॅनल चाललं नाही तरी पदवी हातात राहते, नोकरी मिळते. एकच कडक अट: औषधाचं नाव आणि मात्रा स्वतःच्या मनानं कधीही सांगायची नाही. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला विचारून, लेबलवर त्या पिकाचं नाव आहे हे बघूनच सांगायची. तुमच्या एका चुकीनं कुणाचं तरी रान जळू शकतं.

ज्यांना माध्यमांतच जायचं आहे त्यांच्यासाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमांचं संकुल आहे. पुण्याच्या एफटीआयआयचे छोटे अभ्यासक्रम असतात. ध्वनिमुद्रण आणि संपादन शिकलेल्यांना पडद्यामागं काम आहे, आणि चेहरा दाखवायला लाजणाऱ्या मुलांसाठी ती उत्तम जागा आहे.

पालकांशी आता सरळ बोलतो. काही घरांत हट्ट मुलाचा नसतोच, आईबापाचा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलीला नटवून, मोठ्यांच्या गाण्यावर नाचवून रोज रील टाकणारे पालक मला भेटतात आणि "तिला आवडतं" म्हणतात. तिला तुमची शाबासकी आवडते. व्ह्यूज कमी आले त्या दिवशी तुमचा चेहरा पडतो, ते ती बघते. हे बंद करा. यापेक्षा सौम्य शब्द माझ्याकडं नाहीत. तिच्या शाळेचा गणवेश, गल्ली आणि घराचं दार अनोळखी लोकांना रोज दाखवायचा अधिकार तुम्हाला तिनं दिलेला नाही.

दुसरं, पैशाच्या पहिल्या जाहिरातीबद्दल. थोडे फॉलोअर झाले की रमी आणि सट्ट्याच्या अ‍ॅपवाले सगळ्यात आधी दारात येतात. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशांवरच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. गावातली पोरं तुमच्या मुलाच्या शब्दावर त्यात पैसे घालतील, हे कायद्याआधी त्याला समजावा.

नवा फोन आत्ता घेऊ नका. घरातला चालू फोन, हजाराच्या आतला कॉलर माइक आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर सहा महिने काम करू द्या. आठवड्याला एक व्हिडिओ, अभ्यासाचे तास न मोडता. सहा महिन्यांनी त्याचा पहिला आणि शेवटचा व्हिडिओ एकत्र बसून बघा, व्ह्यूजचा आकडा झाकून. सांगणं सुधारलं असेल तर पुढं जाऊ द्या.

खातं उघडताना मात्र तुम्ही शेजारी बसा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर यूट्यूबचे पैसे घेता येत नाहीत, त्यासाठी पालकाचंच खातं जोडावं लागतं. "आपली आजी" चॅनलसुद्धा 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक झालं होतं, नंतर ते परत मिळालं. प्रत्येकाला मिळतंच असं नाही. कंपनीच्या नावानं आलेल्या ईमेलमधली फाइल मुलानं एकट्यानं उघडायची नाही, दोन टप्प्यांची पडताळणी पहिल्याच दिवशी सुरू करायची, आणि तिचा ओटीपी आईच्या किंवा वडिलांच्या नंबरवर येऊ द्यायचा.