आधी ती लिंक बंद कर

चि. बंड्या,


फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच ठेवतोस, म्हणून हे पत्र. शैलाताईने तुझ्याकडून आमसुलं आणि फणसपोळी मागवली. ऑर्डर कुठवर आली ते बघायची लिंक तिला आली. तिचा धाकटा कसा वात्रट आहे ते तुला सांगायला नकोच. त्याने लिंकच्या शेवटचा आकडा एकाने वाढवला, तर भलत्याच बाईंची ऑर्डर समोर उघडली. नाव, इमारत, मजला, मोबाईल, दोन डझन हापूस, सगळं. मग पोराने आणखी आकडे टाकून पाहिले, तर दर वेळी नवं घर. शैलाताईने मला फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि पुसून टाकला. बाकीचं पत्र मागाहून वाच, आधी ती लिंक बंद कर.

दादा म्हणत होता, आता तू गिऱ्हाइकांच्या खात्यांची नवी सिस्टिम करून घेतो आहेस, तुझ्या त्या कणकवलीच्या मित्राकडून. आधी मोबाईल नंबर, मग ओटीपी, मग पासवर्ड, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, आणि एवढं भरल्यावर आंब्याचा भाव दिसणार. मेल्या, आंबे विकतोस की स्थळं जुळवतोस?

तुझं गिऱ्हाईक जरा डोळ्यांपुढे आण. ते येतं एप्रिल-मेमध्ये, फार तर गणपतीआधी कोकमासाठी पुन्हा एकदा. गेल्या मोसमातला पासवर्ड यंदा कुणाच्या लक्षात राहतो? नवा मागवायचा, त्याची मेल स्पॅममध्ये शोधायची, तोवर माणूस नाक्यावरच्या फळवाल्याकडून पेटी घेऊन मोकळा होतो. जॅरेड स्पूल ह्या वेबसाइट-तज्ज्ञाची ती गोष्ट तूच मला रंगवून सांगितली होतीस ना? अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानाने पैसे भरण्याआधीचं नोंदणीचं बटण काढलं, तिथे 'पुढे चला' असं बटण लावलं, खातं उघडायची गरज नाही असं एक वाक्य लिहिलं, आणि खरेदी करणारे 45 टक्क्यांनी वाढले. सांगताना डोळे चमकत होते तुझे. आणि आता स्वतःच दारात रजिस्टर मांडून बसतोस?

खात्याशिवाय खरेदी चालू ठेव, ही पहिली गोष्ट. ज्याला खातं हवं त्याला मिळू दे. दिवाळीला पंधरा ठिकाणी काजूचे डबे पाठवणारे, हॉटेलवाले, त्यांना पत्ते साठवून ठेवायची सोय हवीच. पण त्यांनाही पासवर्ड कशाला? महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या शॉपिफायच्या नव्या पद्धतीत पासवर्डच नाही. मेलवर सहा आकडी कोड येतो, तो टाकला की माणूस आत. विसरायला पासवर्ड नाही, आणि तुझ्याकडून फुटायलाही नाही. लोक एकच पासवर्ड बँकेला, मेलला आणि आंबेवाल्याला देतात. तुझ्याकडून फुटला तर चोर काय तुझे आंबे न्यायला येणार आहे का?

मोबाईलच्या ओटीपीचं तुझ्या डोक्यात फार बसलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. एसएमएस पाठवायचा तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नोंदणी हवी, मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायला हवा, आणि दर मेसेजला पैसे. तेही परवडेल एक वेळ. पण तुझ्या निम्म्या पेट्या कोण मागवतं? अमेरिकेतली, दुबईतली मुलं, पुण्यातल्या आईबाबांसाठी. पैसे भरणार न्यू जर्सीतला मुलगा, पेटी घेणार कोथरूडची आई. ओटीपी कुणाच्या फोनवर जाणार? आईच्या गेला तर ती बिचारी घाबरून फोनच बंद करील, कारण ओटीपी कुणाला सांगू नका हे आपणच तिच्या मनावर बिंबवलंय. मागवणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, हे ज्या सिस्टिमला कळत नाही ती आंब्याच्या धंद्याला कुचकामी. फुकट्या कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांनी पेट्या परत पाठवून तुला रडवलं ते मला माहीत आहे. मग तेवढ्या ऑर्डरींनाच फोनची खात्री करून घे. आगाऊ पैसे भरणाऱ्याला कशाला शिक्षा?

वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स स्वस्त पडतं म्हणशील. पडतं खरं, खात्याशिवायची खरेदीही त्यात चालते, आणि त्या ऑर्डरच्या लिंकमध्ये आकड्यासोबत एक लांबलचक किल्ली असते, ती नुसती मोजत जाऊन सापडत नाही. पण खाती तुझ्या स्वतःच्या वर्डप्रेसमध्ये राहतात. अपडेट तुलाच करायचे, आणि ऐन मोसमात पेट्या भरताना तू ते करणार नाहीस. कुणाला फसवतोस?

घरगुती सिस्टिमचाच हट्ट असेल तर मित्राची एक परीक्षा घे. 'पासवर्ड विसरलो' वर टिचकी मार. मेलमध्ये तुझा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा आला, तर समज की तो त्याने वाचता येईल असा साठवलाय, आणि त्याला चहा पाजून निरोप दे. मेलच्या कोडला चुकीचे प्रयत्न किती चालतात तेही विचार. सहा आकड्यांचे दहा लाखच प्रकार होतात, अमर्याद प्रयत्न दिलेस तर यंत्राला ते काहीच नाही. आणि लिंकचं तर त्याला नीट समजावच. आकडा लांब केला म्हणजे झालं असं तो म्हणेल, पण तेवढ्याने भागत नाही. खात्यातून कुणी ऑर्डर उघडली की सर्व्हरने प्रत्येक वेळी विचारायला हवं, ही ऑर्डर ह्याच माणसाची का?

तुझे आजोबा, भाऊ, आठवतात बघ. कुडाळच्या दुकानात उधारीची वही लिहीत असताना दुसरं कुणी पायरी चढलं की ते वही पालथी घालायचे. समोरचा सख्खा शेजारी असला तरी. कुणाच्या घरी किती साखर गेली हे गावाला कळता कामा नये, एवढंच. मला म्हणायचे, तू दुकान बघ, तुझा हिशेब चांगला आहे. मला मुंबई हवी होती. बँकेत जन्म गेला, शेवटी कॉम्प्युटर विभागात. काचेखाली पासवर्डच्या चिठ्ठ्या ठेवणारे साहेब पाहिले, म्हणून तर एवढं बोलते. पण कधी कधी वाटतं, भाऊंच्या हाताखाली दोन वर्षं तरी बसायला हवं होतं. ते राहूनच गेलं. तू दुकान पुन्हा उघडलंस, फोनवर का होईना, तेव्हा मी कुणाला न सांगता देवापुढे साखर ठेवली होती.

कायद्याचं भय घालत नाही, पण माहीत असू दे. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी. तुला कुणी तेवढा लावणार नाही, तुझ्याकडे आहे काय. पण जन्मतारीख घेतलीसच नाही तर ती सांभाळायलाही नको. 'ऑफर पाठवा'च्या चौकटीत आधीच टिक मारून ठेवू नकोस, 2020च्या ई-कॉमर्स नियमांत खरेदीच्या संमतीलासुद्धा तशी टिक चालत नाही. कार्डाचे नंबर तर ऑक्टोबर 2022पासून दुकानदाराने ठेवायचेच नाहीत. आणि डोमेन, गिऱ्हाइकांची यादी, सगळं तुझ्या नावावर असू दे, मित्राच्या नव्हे. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर पत्ते नेता येतात, पासवर्ड नेता येत नाहीत.

पण माझा जीव अडकलाय तो ज्यांची ऑर्डर उघडली त्या बाईंपाशी. उद्या त्यांना कुणाचा मेसेज येईल, 'तुमची दोन डझन हापूसची पेटी अडकली आहे, ह्या लिंकवर पाच रुपये भरा.' नाव बरोबर, पत्ता बरोबर, आंबे बरोबर. त्या भरतीलच. बंद केलीस का रे? आणि ज्यांच्या ऑर्डरी अशा उघड्या होत्या त्या सगळ्यांना तू स्वतः कळव, गुळमुळीत नको. आंबा उतरलेला निघाला तर पेटी बदलून देतोस ना, त्याच तोंडाने.

फार बोलले. दादा सांगतो, रात्री दोन-दोनपर्यंत एकटाच पेट्यांत पेंढा भरत बसतोस, जेवण झाकून राहतं. एवढं ओढू नकोस. मित्रालाही तोडू नकोस, पोर कष्टाळू आहे, मोसम संपल्यावर दोघं मिळून शिका. महिन्याच्या भाड्याच्या तयार सिस्टिमचे पहिल्या वर्षाचे पैसे मी दादाच्या खात्यात टाकले आहेत. परत करायचं नाव काढलंस तर बोलणार नाही तुझ्याशी. नवं दुकान लागलं की पहिली ऑर्डर माझी, खातं न उघडता, पूर्ण पैसे भरून. कुठे अडले तर फोन करीन, तेवढा मात्र उचल.

तुझी,
ठाण्याची आत्या