दुखणं सारखं, वेदना वेगळी

कांदा काढणीच्या दिवसांत आपल्या पारनेर भागात कंबरदुखीचे रुग्ण वाढतात. एकाच वाफ्यात राबलेल्या दोन जावा असतात. एक दुसऱ्या दिवशी पुन्हा खुरपं घेते, दुसरीला अंथरुणातून उठवत नाही. "ही पहिल्यापासून नाजूक, सोंग करते," असं घरचे तिच्या तोंडावर म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. तिचं खरंच जास्त दुखत असतं.

कातडीतले वेदना टिपणारे काही मज्जातंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने निरोप नेतात. ती पहिली कळ. त्याहून बारीक तंतू 2 मीटरही गाठत नाहीत. तो मागून येणारा ठणका. या तंतूंवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात आणि ती किती सहज उघडावीत यात जनुकांचा मोठा वाटा असतो. 2006 साली उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांत यातलं एक दार जन्मतः निकामी असल्याचं आढळलं. तिथल्या मुलांना वेदना ठाऊकच नव्हती. ज्याच्यामुळे हा शोध सुरू झाला, तो मुलगा निखाऱ्यांवरून चालून दाखवायचा. चौदावं वर्ष पुरं होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो दगावला. उलट हेच दार गरजेपेक्षा जास्त उघडलं, तर हातापायांची असह्य आग होते. त्यात जागरण आणि काळजीची भर पडली, की मज्जारज्जू साधी कळही वाढवून मेंदूकडे पाठवतो.

मला जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्यांची. "काटा मोडला तरी मला कळत नाही," असं शुगरचे काही रुग्ण अभिमानाने सांगतात. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सर्वांत लांबचे, तळपायाचे तंतू आधी झिजतात. बाभळीचा काटा टाचेत आठवडाभर राहतो, आणि चपलेला पू लागलेला सुनेला दिसतो तेव्हा घरात कळतं. तोवर जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते.

शुगर असेल तर रानात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा. गरम पाण्यात पाय घालण्याआधी घरच्या कुणाला तरी हात घालून पाहू द्या. वर्षातून एकदा पायाची संवेदना तपासून घ्या. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, तो कुष्ठरोग असू शकतो. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि त्याने रोग बरा होतो.